साडेचार एकर, २४ एचपी आणि एक लाख रुपये: औजारं घेतानाच्या नोंदी

११ मे २०२५

गेल्या दिवाळीत जुना मिनी ट्रॅक्टर घेतला, २४ एचपी, २ लाख ३५ हजाराला. पेढे वाटून झाले, फोटो टाकून झाले आणि सहा महिने ट्रॅक्टर नुसता पत्र्याखाली उभा, कारण मागं लावायला आपल्याकडं काहीच नाही. अण्णा (वडील) येता-जाता म्हणतात, बैल असते तर निदान शेण तरी दिलं असतं.

शेत लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. तीन एकर घराजवळ, भारी काळं रान. दीड एकर ओढ्यापलीकडं, तेही काळंच पण खोलगट. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत तीन एकरावर हरभरा. औजारांसाठी एक लाख बाजूला काढलेत, साठ हजार सोयाबीनचे आणि चाळीस भिशीचे. ह्याच्या वर एक रुपया काढायचा नाही असं घरात कबूल केलंय.

काल रात्री जुन्या डायरीतून गेल्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरला काय दिलं ते काढलं. नांगरट तीन एकर ६,६००. मोगडा (फणांनी रान उकरायचं औजार) दोन पाळ्या ७,२००. खरिपाआधी रोटा (रोटाव्हेटर, फिरत्या ब्लेडनं माती भुसभुशीत करणारा) ६,३००, सोयाबीन पेरणी ४,०५०, रब्बीला परत रोटा ४,२०० आणि हरभरा पेरणी २,७००. शेणखत आणि माल वाहतूक ३,५००. झाले ३४,५५०. आकडा बघून झोप उडाली.

ह्यात सगळ्यात मोठा खर्च रोट्याचा, साडेदहा हजार. म्हणून पहिल्यांदा रोटाच घ्यायचा ठरवलंय.

१४ मे

रोटा घेतला. ५ फुटी, जुना, ३२,००० ला. विकणारा म्हणला दोनच सीझन चाललाय, ब्लेड निम्मे आहेत अजून. नवा मिनी रोटा ८४ हजाराला सांगायलेत, त्यापुढं ३२ म्हणजे लॉटरीच वाटली. टेम्पोभाडं ६००.

मी एकच गोष्ट विचारली होती, आपली लिफ्ट उचलंल का? ७५० किलोची लिफ्ट आणि हा रोटा साडेतीनशेच्या आसपास, मग उचलंल की. हो, उचलतो. उचलायचं कामच नव्हतं, ते पुढं कळलं.

१६ मे

दिवस वाया गेला. सविस्तर लिहितो कारण ही चूक बरेच जण करत असतील.

सकाळी जोडला, पहिल्यांदा लिफ्ट वर घेतली तर कर्र असा आवाज. पीटीओचा शाफ्ट (ट्रॅक्टरच्या मागून औजाराला फिरवणारा दांडा) मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा, लांब. खाली असताना ठीक दिसतो, वर घेतला की आतला नळ बाहेरच्यात पूर्ण बुडतो आणि मग जाऊ कुठं म्हणून गिअरबॉक्सवर दाबतो. सील फुटलं, ९० नंबरचं ऑइल सगळं मातीत. औश्याच्या मिस्त्रीकडं नेऊन दोन्ही नळ चार-चार इंच कापले, ६०० रुपये, सील ३५०. मिस्त्री म्हणले शाफ्ट कधीही आधी लिफ्ट वर-खाली करून, हातात धरून मापायचा, मगच घालायचा. हे त्यांनी कापून झाल्यावर सांगितलं.

दुपारी तीनला रानात. लो गिअर, पहिला, आणि रोटा टेकला की इंजिन दबायलं, काळा धूर. वर धरून मारावं तर नुसती वरची दोन इंच माती उडते आणि खाली टणक. दहा गुंठ्याला १ तास १० मिनिटं लागली, साडेतीन लिटर डिझेल गेलं. येताना बांध ओलांडायला रोटा वर घेतला आणि पुढची दोन्ही चाकं वितभर उचलली. स्टिअरिंग हातात आणि ट्रॅक्टर बैलावाणी मागच्या पायावर. क्लच दाबला म्हणून वाचलो, घाम फुटला होता.

संध्याकाळी तात्या आले होते (चुलत चुलते, बांधाला बांध, त्यांच्याकडं २८ एचपीचा मिनी आहे). म्हणले, "लेका, ५ फुटी चाळीसच्या पुढच्या गाडीला लावतात. लिफ्ट उचलती म्हणून घेतला का? उद्या म्हैस उचलली तर तिला पण जोडशील."

२० मे

रोटा विकला, २६,५०० ला. परत टेम्पो ६००. म्हणजे ५,५०० तोटा, १,२०० टेम्पो, ६०० शाफ्ट, ३५० सील. एकूण ७,६५० रुपये गेले आणि हातात काही नाही.

एक शहाणपण केलं, आज टेप घेऊन ट्रॅक्टर मापला. हे पहिल्या दिवशी करायचं होतं. मागची चाकं बाहेरून बाहेर ४४ इंच, टायर ८ इंच रुंद, म्हणजे चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६ इंच. पुढच्या चाकांचे मध्य ३४ इंचावर. मागं जे काही लावायचं ते ४४ इंचापेक्षा थोडं जास्त पाहिजे, नाहीतर आपणच चाकानं दाबलेली माती तशीच मागं राहते. आणि फार जास्त पण नको, नाहीतर १६ मे.

२४ मे

पावसानं धरलंय. मे महिन्यात असा पाऊस अण्णांनी पण बघितला नाही म्हणतात. रान चिखल. मोगड्याची एक पाळी तरी होईल वाटलं होतं, नाही झाली.

बसल्या बसल्या पाच फणी मोगडा ठरवला. तालुक्याच्या गावात एकाकडं पडून होता, ११,५०० ला मिळाला. नऊ फणीचा ९ हजाराला मिळत होता आणि एकजण म्हणला चार फण काढून टाका की. पण फ्रेम मोठ्या ट्रॅक्टरचीच राहते, तिचं वजन कुठं जातंय? मोगड्याचे फाळ झिजून बोटाएवढे झाले होते, पाच नवीन ९०० ला. एका फणाच्या बुडाला चीर होती, वेल्डिंग ४००. एकूण १२,८००.

जुना मोगडा बघायला जाताना रंगाकडं बघू नका, फणाच्या बुडाशी खरवडून बघा. वरून नवा कलर मारलेला असला की खाली चीर असतेच असं नाही, पण आमच्याला होती.

२८ मे

मान्सून २६ तारखेलाच मुंबईत पोचला. कृषी विभाग म्हणतोय पेरणीची घाई करू नका. घाई करायला आमच्याकडं पेरणी यंत्रच नाही.

ह्या चार दिवसांत डायरी परत काढली आणि ह्यावेळी पैशाऐवजी तारखा बघितल्या. गेल्या वर्षी पेरणीलायक पाऊस झाला, वाफसा (पेरणीला लागते तेवढीच ओल) आला, भाड्याचा ट्रॅक्टर आज येतो उद्या येतो करत सहाव्या दिवशी आला. तोपर्यंत वरची ओल गेली, निम्मं सोयाबीन विरळ उगवलं. ती नुकसानी ३४,५५० मध्ये कुठंच नाही. नांगरट मात्र पंधरा दिवस उशिरा झाली होती आणि त्यानं काडीचा फरक पडला नाही, उन्हाळ्यात ढेकळं तापायचीच असतात.

म्हणून यादी नव्यानं मांडली. भाडं किती पडतं ते सोडून दिलं, हे काम थांबू शकतं का एवढंच विचारलं. पेरणी थांबत नाही. कोळपणी थांबत नाही, आठ दिवसांत गवत हाताबाहेर जातं. नांगर थांबतो. ट्रॉली थांबते. रोटा उन्हाळ्यात थांबतो, रब्बीत थांबत नाही. मळणीचा हडंबा (मळणी यंत्र) आपल्या ट्रॅक्टरला ओढणारच नाही, तो विषयच मिटला. एवढं साधं गणित मांडायला ७,६५० रुपये फी लागली.

३१ मे

पेरणी यंत्र. दोन पर्याय होते. कंपनीचं अनुदानावर, नाहीतर गावाकडच्या वर्कशॉपचं रोखीनं. अनुदानाला यंत्राचा टेस्ट रिपोर्ट लागतो, वर्कशॉपवाल्याकडं तो नसतो. आणि महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करून पूर्वसंमती आल्याशिवाय घ्यायचं नाही, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. मी अर्ज काल भरला, रोट्यासाठी. फार्मर आयडी काढलेला होता म्हणून पटकन झालं. पेरणीसाठी मात्र वाट बघायला वेळ नाही.

वर्कशॉपचं चार तासी (तास म्हणजे पेरलेली ओळ, एका वेळी चार ओळी पडतात), बियाण्याची आणि खताची वेगळी पेटी, ३१,०००. १८ इंचावर तास. घ्यायच्या आधी अंगणात खडूनं आखून बघितलं: ट्रॅक्टरच्या मध्यापासून तास पडतात ९ इंचावर आणि २७ इंचावर, दोन्हीकडं. आणि आपलं मागचं टायर चालतं १४ ते २२ इंचात. म्हणजे चाक बरोबर दोन तासांच्या मधून जातंय, कुठल्याच तासावर चढत नाही. हे जमलं म्हणजे पुढं उभ्या पिकात ट्रॅक्टरनं कोळपता येईल. खडूची रेघ बघून जेवढा आनंद झाला तेवढा ट्रॅक्टर घेताना झाला नव्हता.

तुमच्या ट्रॅक्टरचं माप वेगळं असंल तर चाकाची रिम उलटी फिरवून अंतर कमी-जास्त करता येतं. ते आधी बघा, मग पेरणी यंत्राचे फण सरकवा.

८ जून

पाऊस गायब. बरंच झालं, मोगड्याची एक पाळी झाली, घराजवळचं तीन एकर दीड दिवसात. टॉप लिंक (औजार वरून ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) जास्त आखडली होती, पुढचे फण खोल आणि मागचे हवेत. दोन आटे सैल केल्यावर फ्रेम सपाट चालायली. ओढ्यापलीकडच्या दीड एकराला नांगरट लागत होती, ती भाड्यानं केली, ३,३००.

१२ जून

बियाणं किती पडतं ते बघायचा दिवस. हे कुणी करत नाही, सगळे म्हणतात तिसऱ्या खाचेत दांडा ठेवा. मी केलं आणि केलं म्हणून वाचलो.

पद्धत लिहितो. यंत्र लिफ्टवर उचलून धरलं, जमिनीवर चालणारं जे चाक आहे त्याला खडूची खूण केली. चाकाचा व्यास १८ इंच, म्हणजे एका फेरीत साधारण १ मीटर ४४ सेंटिमीटर अंतर. यंत्राची रुंदी चार तास गुणिले १८, म्हणजे ७२ इंच. गुणाकार केला तर एका गुंठ्याला साडेअडतीस फेऱ्या लागतात. चारी पाइपांखाली चार पिशव्या बांधल्या आणि चाक हातानं साडेअडतीस वेळा फिरवलं. मुलगा मोजत होता, सत्तावीसला चुकला, परत पहिल्यापासून.

तिसऱ्या खाचेत गुंठ्याला ९१० ग्रॅम पडलं. एकरी ३६ किलो! मला पाहिजे २६, म्हणजे गुंठ्याला ६५० ग्रॅम. दांडा सरकवत सरकवत चौथ्या वेळी ६०० च्या खाली आलं आणि मग वेगवेगळ्या पिशव्या तोलल्या: १७०, १६५, १६८ आणि ९२. चौथ्या पाइपात काहीतरी अडतंय. रोलर काढला, ठीक. पाइप काढून उजेडाकडं धरला तर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, टणक, सुपारीएवढं. यंत्र आणून बारा दिवस झाले होते फक्त! तारेनं फोडून काढलं. मग चारी पाइप सारखे, एकूण ६७०. चालतंय, रानात चाक थोडं घसरतंच.

विचार करा, हे न बघता पेरलं असतं तर सगळ्या रानात दर चौथा तास विरळ दिसला असता आणि मी बियाण्याच्या कंपनीला शिव्या घातल्या असत्या.

१८ जून

पेरणी. वाफसा एकदम बरोबर, मूठ वळली तर गोळा होतो आणि पाडला तर फुटतो.

आणि मी घाण केली.

परतताना कुठून चालवायचं ते कळावं म्हणून मिस्त्रीकडून मार्कर बनवून घेतला होता, जुना अँगल आणि टोकाला साखळी, ४५० रुपये. साखळी ट्रॅक्टरच्या मध्यापासून ७२ इंचावर रेघ ओढते, म्हणजे परतताना ती रेघ बोनेटच्या मधोमध आली पाहिजे. मी सवयीनं काय केलं, पुढचं चाक रेघेवर घातलं. चाक मध्यापासून १७ इंच बाजूला, म्हणजे प्रत्येक फेरा १७ इंच पलीकडं सरकला. पाच फेरे झाल्यावर अण्णा धुऱ्यावरून हात करायले. मला वाटलं चहा आला.

"अरे मधी एक तास गेला कुठं?"

उतरून बघितलं, प्रत्येक जोडाला १८ च्या जागी ३५ इंच मोकळं. पाच फेरे, दहा-बारा गुंठे. परत तिथं यंत्र घालावं तर चाकं पेरलेल्या तासावर जातात. मग मार्कर तोडून ५५ इंचाचा केला (५५ अधिक १७ म्हणजे ७२), आता चाक रेघेवर घातलं की हिशोब बरोबर बसतो. मान वाकवून बोनेटचा मध्य बघत बसण्यापेक्षा हेच सोपं. पुढचं सगळं रान ठीक पेरलं गेलं.

मोकळ्या पट्ट्यांत अण्णांनी दुसऱ्या दिवशी तूर टोकून घेतली, घरचं दोन किलो बी होतंच. परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनला बीबीएफवर पेरा म्हणतं, रुंद वरंबा आणि दोन्हीकडं सरी, नाहीतर पट्टापेर (मधी मोकळे पट्टे सोडून) करा म्हणतात. आमचं अपघाती पट्टापेर झालं. गावात विचारलं तर मुद्दाम केलंय असंच सांगायलोय.

खोलीचं पण सांगतो. पहिल्या फेऱ्याला उकरून बघितलं तर बी तीन इंच खाली. सोयाबीनला दीड-दोन इंच बास. पाऊस जोराचा झाला आणि वर पापडी धरली तर तीन इंचावरचं बी वर येत नाही. लिफ्टचा दांडा खुणेवर ठेवून भागत नाही, दर चार फेऱ्याला बोट घालून बघायचं.

२२ जून

खतपेटी धुवायची राहिली. पेरणी झाली त्या रात्री पाऊस आला, यंत्र ताडपत्रीखाली ढकललं आणि विसरलो. आज ओढ्यापलीकडचं पेरायला काढलं तर खताचे रोलर दगड. डीएपीनं पाणी ओढून सिमेंट झालेलं. डिझेल टाकून, हातोडीनं, तारेच्या ब्रशनं अर्धा दिवस. दुपारी दोननंतर पेरायला लागलो आणि शेवटचे तीन फेरे हेडलाइटवर केले. ते फेरे वाकडे आहेत, रस्त्यावरून दिसतात.

९ जुलै

कोळपणी. बैलजोडी मिळतच नाही आता, गावात तीनच जोड्या राहिल्या. मोगड्याच्याच फ्रेमला फण काढून मिस्त्रीनं तीन पास (गवत कापणाऱ्या आडव्या पात्या) बसवून दिले, प्रत्येकी १० इंचाचे, क्लॅम्पसकट ३,२००. दोन पास चाकांच्या मागं आणि एक मधी. दोन फेऱ्यांच्या जोडातली जागा राहते, तिथं हातानं ढकलायचं सायकल कोळपं.

पहिल्या फेऱ्यात पिकाच्या दोन ओळी साठ-सत्तर फूट कापत गेलो. मागं बघतोय तर कोळपं शेपटीसारखं हलतंय. खालच्या दोन्ही लिंकच्या बाजूच्या चेन सैल होत्या. मोगडा मारताना त्या सैल असल्या तरी कळत नाही, कोळपताना बोटभर हललं की पीक गेलं. चेन ताणल्या, पहिल्या गिअरमध्ये सावकाश, मग एक पण रोप गेलं नाही. तीन एकर एका दिवसात, सव्वासात लिटर डिझेल. खुरपणीला बायकांची मजुरी साडेतीनशे रोज चाललीय, तीन एकराला किमान वीस-बावीस रोज लागले असते.

माझ्या मते सगळ्या एक लाखात पैसा वसूल झाला तो ह्या ३,२०० चा. दुकानात असलं काही मागितलं तर समोरचा रोटा दाखवतो.

२३ ऑगस्ट

काल पोळा. बैल नाहीत म्हणून मुलानं ट्रॅक्टरला झूल घातली. पाऊस थांबायला तयार नाही. दुसरी कोळपणी झालीच नाही, चाक रुतायलंय. ते हातानं खुरपून घेतलं, तो खर्च वेगळा.

२२ सप्टेंबर

आज घट बसले आणि आजपासूनच ट्रॅक्टर आणि औजारांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. मे मध्ये जो मिनी रोटा ८४,००० ला सांगत होते त्याची मूळ किंमत ७५,०००. आता ७८,७५० ला पडतो. ५,२५० वाचले, माझा मे मधला तोटा थोडा भरून निघाला म्हणायचं.

अनुदानाचं काय झालं ते पण लिहितो, चूक माझीच आहे. कागदपत्र अपलोड करा असा मेसेज येऊन गेला होता, नोंदणीला दिलेला नंबर जुन्या सिमचा, ते सिम मुलाच्या खेळण्याच्या मोबाइलमध्ये. कळलं तेव्हा मुदत गेलेली. अर्ज भरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून बघा.

तसंच दुकानात विचारताना दोन किमती विचारा. त्याच रोट्याची रोखीची ८४ आणि अनुदानावर घेतला तर १ लाख २ हजार सांगितली होती. म्हणजे अनुदान जेवढं दिसतं त्यातले अठरा हजार आधीच कुणाच्या तरी खिशात जातात. तरीसुद्धा आपल्याला थोडं स्वस्तच पडतं, पण हिशोब त्या फरकानंतरचा करा.

३० सप्टेंबर

आठ दिवस लिहायला हात झाला नाही. ओढ्याला पूर आला, पलीकडचं दीड एकर तीन दिवस पाण्याखाली. शेंगांना कोंब फुटलेत. घराजवळच्या रानातलं पाणी मात्र दीड दिवसात ओसरलं. तुरीच्या पट्ट्यांमुळं की उतारामुळं, सांगता येत नाही. अण्णा म्हणतात उतारामुळं, मी म्हणतो पट्ट्यांमुळं.

१२ ऑक्टोबर

काढणी झाली, गंज लावून ताडपत्री टाकली, परवा हडंबा येऊन गेला, क्विंटलला अडीचशे. घराजवळच्या तीन एकरात १९ क्विंटल, पलीकडं सगळं मिळून ३ आणि तेही काळं पडलेलं.

आता रोटा. शिल्लक बघता पूर्ण ७८,७५० माझ्याच्यानं होत नाही. तात्यांनाच म्हणलं, अर्धा-अर्धा घेऊ. ते हसले, मग बसले, मग दोघांनी वहीच्या पानावर लिहिलं: ऑइल-ग्रीस ज्यानं वापरलं त्यानं घालायचं, ब्लेड अर्धे-अर्धे, परत करताना धुऊन, आणि दोघांचा वाफसा एकाच दिवशी आला तर चिठ्ठी टाकायची. भावकीत औजार म्हणजे भांडणाचं बी असतं असं आई म्हणते. म्हणून पानावर सही पण घेतली, तात्या म्हणले माझ्या लग्नात पण एवढी लिखापढी नव्हती.

माझ्या वाट्याला ३९,३७५. ४ फुटी, आमच्याला २४ ब्लेड, बाजूला साखळीऐवजी गिअर असलेला घेतला. शाफ्ट ह्यावेळी दुकानातच लिफ्ट वर-खाली करून मापला. पुढच्या बंपरला भंगारातून २५ किलोची दोन वजनं बसवली, १,९००. आता बांध ओलांडताना पुढची चाकं जमिनीवरच राहतात.

१९ ऑक्टोबर

रोटा पहिल्यांदा रानात. घाई केली. वरून कोरडं दिसलं, खाली ओल. सोयाबीनचा पाला आणि चिखल गुंडाळून ब्लेडांचा लाडू झाला. दीड तास खुरप्यानं काढत बसलो आणि घरी परत. चार दिवस थांबायचं ठरवलं.

ह्याच दिवसाची एक भीतीची गोष्ट. मी ब्लेड साफ करून परत पीटीओ चालू केला, अण्णा मागून काहीतरी सांगायला वाकले आणि खांद्यावरचं उपरणं शाफ्टपासून हातभर लोंबत होतं. ओरडलो म्हणून मागं झाले. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मीच गडबडीत काढून ठेवलं होतं. संध्याकाळीच परत लावलं. उपरणं, ओढणी, सैल शर्ट, काही घालून शाफ्टजवळ जायचं नाही आणि रोटा चालू असताना मागं कुणी उभं राहायचं नाही, मग बाप असो.

२४ ऑक्टोबर

एक पाळी रोटा, तीन एकर साडेसात तासात, वीस लिटर डिझेल. भुसभुशीत झालं. खरिपाआधी मात्र मी हा घालणार नाही. काळ्या रानात वर पीठ आणि खाली थर धरतो, पहिल्या जोराच्या पावसात पापडी. खरिपाला मोगडाच बरा.

हरभऱ्यासाठी परत साडेअडतीस फेऱ्या. पाहिजे एकरी ३०, म्हणजे गुंठ्याला ७५० ग्रॅम. पिशवीत बघतो तर हरभऱ्याची डाळ! रोलरखालची पट्टी सोयाबीनच्या मापाला आवळलेली, टपोरा दाणा भरडला जायला लागला. एक आटा सैल केली, डाळ थांबली, मग खाच परत जुळवली. दुसऱ्या दिवशी पेरून मोकळा. तात्यांचा वाफसा दोन दिवसांनी आला, चिठ्ठी टाकायची वेळ आली नाही.

१६ नोव्हेंबर

हिशोब. जुना रोटा तोटा ७,६५०, मोगडा १२,८००, पेरणी यंत्र ३१,०००, मार्कर ४५०, कोळपं ३,२००, अर्धा रोटा ३९,३७५, वजनं १,९००. एकूण ९६,३७५. लाखाच्या आत राहिलो, घरात तोंड दाखवायला जागा आहे.

यंदा भाड्यानं दिलं ते नांगरट ३,३०० आणि वाहतूक ३,०००. डिझेल साधारण ९,०००. म्हणजे गेल्या वर्षीच्या ३४,५५० च्या जागी १५,३००. १९,२५० वाचले. ह्या वेगानं औजारांचे पैसे निघायला पाच वर्षं, आणि ह्यात ट्रॅक्टरचे पैसे, माझी मजुरी, दुरुस्ती काहीच धरलेलं नाही. फक्त भाडं वाचवायला म्हणून साडेचार एकराला कुणी एवढं घेत असंल तर मी घ्या म्हणणार नाही. पेरणी दोन्ही वेळा वाफशावर झाली, ती किंमत कशी धरायची ते मला जमलेलं नाही.

ट्रॉलीचं सगळे विचारतात. जुनी ४५ हजाराला मिळते, माझी वाहतूक वर्षाला तीन-साडेतीन हजाराची. नाही घेत.

तात्यांकडून रोटा परत आला, धुऊन आला, पण दोन ब्लेड तुटलेले. पान काढून दाखवलं, अर्धे पैसे त्यांनीच आधी काढून ठेवले होते.

पेरणी यंत्राची खतपेटी ह्यावेळी पेरणी झाली त्याच दिवशी धुतली, उन्हात वाळवली, रोलरला जळकं ऑइल लावलं. चारी पाइपांच्या तोंडात जुन्या धोतराचे बोळे कोंबून ठेवलेत, कुंभारीण परत यायला नको.